आधी खालून

१

सकाळी आठ वाजता चार नंबरच्या झाडाखाली चार माणसं माना वर करून उभी होती, आणि चौदा फुटांवर जे दिसत होतं ते पाहून खारूताईची बोलतीच बंद झाली. आता खारूताईची बोलती बंद होणं ही काही रोज घडणारी गोष्ट नव्हे. अठरा वर्षं ही बाई झाडांवर चढत होती, म्हणून तर सगळे तिला खारूताई म्हणायचे. कोणाचीही भीड न ठेवता तोंडावर बोलायची तिची रीत होती. पण त्या सकाळी ती नुसती बघत राहिली.

झालं होतं ते असं. फांदी खोडाला जिथे मिळते, तिथे सालीचा एक फुगीर, सुरकुतलेला गोल असतो. धंद्यात त्याला कॉलर म्हणतात. फांदी कापायची ती कॉलरच्या बाहेर. कॉलर शाबूत राहिली की झाड आपली जखम आपण भरून काढतं, आणि कॉलर कापली की तिथून कूज आत शिरते. वृक्षनिगा संस्थेच्या प्रमाणपत्र परीक्षेत बाकी शंभर चुका माफ होत्या, ही एक नव्हती. आणि चार नंबरच्या झाडावर, काल संध्याकाळी खारूताईने जी फांदी कापली होती, तिथे आज कॉलर नावालाही उरली नव्हती. काप थेट खोडाला चिकटून गेला होता.

जखम एक रात्र वाळू द्यायची आणि सकाळी तपासायची, हा संस्थेचा नियम. वाळल्यावर सालीची फाट नीट दिसते. परीक्षकसाहेबांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली, वहीत काहीतरी लिहिलं आणि घसा साफ करून निकाल सांगून टाकला. चार नंबर नापास. कॉलर कापल्यामुळे पुढची तीन वर्षं परीक्षेला बंदी.

तीन वर्षं! इथे प्रश्न तीन वर्षांचा नव्हताच. नवा कायदा पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लागू होणार होता आणि त्यानंतर ज्याच्या खिशात संस्थेचं कार्ड नाही त्याने झाडावर पाय ठेवायचा नाही. म्हणजे एक तारखेपासून खारूताईने खाली उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेला पाला गोळा करायचा. याच परीक्षेसाठी सहा महिने तिच्या मुलीने स्वयंपाकघरातल्या ओट्याशी पुस्तक धरून तिची उजळणी घेतली होती. आईला कांदा चिरता चिरता झाडांचे आजार घडाघडा म्हणता येईपर्यंत त्या पोरीने तिला सोडलं नव्हतं.

ठेकेदार हळूच खाकरला. पदवीवाल्याने नजर बुटांकडे वळवली. दोघे खारूताईबरोबरचे उमेदवार. सुरुवातीला पाच होते, पण दोघांची लेखी परीक्षेतच दांडी उडाली आणि ते कालच घरी गेले.

"हा काप माझा नाही," खारूताई म्हणाली.

परीक्षकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. नापास झालेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो, असं काहीसं ते पुटपुटले.

"म्हणत असेल. मी तसं म्हणत नाहीये. मी कापलेली जागा मला ठाऊक आहे, साहेब. काल मी कॉलर बोटांनी चाचपून मग करवत लावली. माझ्यानंतर कोणीतरी वर गेलंय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजता निकालाचं पाकीट सीलबंद करून ते निघणार होते. तोवर तुम्हाला काय सिद्ध करायचं ते करा, पण माझा वेळ खाऊ नका, असं सांगून ते चालू लागले. खारूताई मात्र तिथेच खाली वाकली. खोडापासून हातभर अंतरावर, ओल्या मातीत, शिडीचे दोन ठसठशीत खड्डे होते. परीक्षेत शिडीला बंदी असते. काल या झाडाखाली शिडी आलीच नव्हती.

२

तिने आधी ठेकेदाराला गाठलं, कारण सगळ्यात जास्त फायदा त्याचा होता. बारा वर्षं ती त्याच्या हाताखाली काम करत होती. त्याला स्वतःला झाड कळत होतं. तरुणपणी दोन वर्षं तोही मामाकडेच शिकला होता. पण ठेका मिळाल्यापासून करवतीपेक्षा फोन जास्त वेळ त्याच्या हातात असायचा.

हा मामा म्हणजे खारूताईचा सख्खा मामा, संस्थेचा भांडारपाल. गावातले निम्मे झाडकापे त्याच्या हाताखालून गेलेले. तीन वर्षांपूर्वी एक कुजकी फांदी त्याच्यासकट खाली आली, कंबरेचं हाड मोडलं आणि अंथरुणातून उठल्यापासून तो दोर, पट्टे आणि करवती सांभाळत भांडारातच राहत होता.

ठेकेदार गाडीच्या पायरीवर चहा पीत बसला होता. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. कार्ड मिळालं असतं तर तू माझी चार माणसं घेऊन वेगळी झाली असतीस, हे मला का दिसत नाही, असं त्याने उलट विचारलं. तू नापास झालीस याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पण म्हणून मी झाडाला इजा करीन एवढा नीच मी नाही. रात्री तो आणि पदवीवाला संस्थेच्या वसतिगृहात एकाच खोलीत होते. सातपर्यंत आपण गाढ झोपलो होतो, त्यालाच विचार, असं तो म्हणाला.

पदवीवाल्याला विचारलं तर त्याने हात जोडले. ठेकेदाराच्या घोरण्यापुढे टिकाव लागेना म्हणून हा बिचारा चार वाजताच चादर घेऊन गच्चीवर गेला होता. म्हणजे दोघांपैकी कोणालाच दुसऱ्याची साक्ष उरली नाही. पहिला येणाऱ्याला संस्थेत शिक्षकाची नोकरी मिळणार होती आणि काल तोंडी परीक्षेनंतर खारूताई त्याच्या पुढे होती, हेही सगळ्यांना माहीत होतं. ते तिने त्याच्या तोंडावर बोलून दाखवलं. त्याचा चेहरा पडला. पण जाता जाता तो थांबला आणि एक गोष्ट सांगून गेला. उजाडताना त्याने गच्चीवरून करवतीचा आवाज ऐकला होता.

"आधी जरासा आला, मग थांबला. मग पुन्हा आला, तो जरा जास्त वेळ. मला वाटलं कोणीतरी सराव करतंय."

खारूताईने ते ऐकलं आणि का कोण जाणे, त्यात तिला काहीतरी ओळखीचं वाटलं. पण त्यावर विचार करायला ती थांबली नाही, तडक परीक्षकसाहेबांच्या खोलीत शिरली.

साहेबांवरही संशय घ्यायला जागा होती. काल तोंडी परीक्षेत तिने सगळ्यांसमोर त्यांना सांगितलं होतं की तुमच्या पुस्तकातल्या चाळिसाव्या पानावरच्या चित्रात काप कॉलरच्या आतून दाखवलाय. पुस्तक साहेबांनी स्वतः लिहिलेलं. त्यांचे कान लाल झालेले तिने पाहिले होते. खोलीच्या भिंतीवर कोणीतरी भेट दिलेली एक चकचकीत करवत टांगलेली होती. खारूताईने न विचारता तिच्या दात्यांवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. बऱ्याच दिवसांची धूळ होती ती.

"तुम्ही माझ्यावर संशय घेताय?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्यांवर घेतेय. तुम्हाला एकट्याला का वगळू?"

साहेब चिडले, उभे राहिले, पुन्हा बसले. तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या उघड्या पुस्तकावर गेली. चाळिसावं पान. चित्रातली कापाची रेघ पेन्सिलने खोडून बाहेर सरकवलेली होती, शेजारी कालची तारीख आणि बारीक अक्षरात 'पुढील आवृत्तीत दुरुस्ती'. ज्या माणसाने रात्री बसून आपली चूक निमूटपणे मान्य केली, तो सकाळी उठून शिडी लावायला जाईल हे तिला पटेना. ती बाहेर आली.

साडेनऊ वाजले होते. उरलं होतं फक्त भांडार, कारण शिडी तिथली होती.

३

भांडारात नेहमीचाच वास होता, दोराचा आणि तेलाचा. मामा खुर्चीत बसून एका पट्ट्याची शिवण तपासत होता. तिला पाहून त्याने पट्टा खाली ठेवला. निकाल त्याच्यापर्यंत पोचला होता.

"जाऊ दे पोरी," तो म्हणाला. "तीन वर्षं काय, बघता बघता जातील."

जाऊ दे! खारूताईला मामाकडून हे अपेक्षित नव्हतं. लहानपणी झाडावरून सरकून गुडघे फोडून घेतले तेव्हा ज्याने तिला त्याच झाडावर पुन्हा चढवलं, त्याच्या तोंडी 'जाऊ दे' शोभत नव्हतं. तिने ते बोलून दाखवलं. मामा हसला आणि चहा टाकायला उठला, कंबरेवर हात ठेवून, एक पाय ओढत.

गेले सहा महिने दोघांचं एका गोष्टीवरून वाजत होतं. मामाची पद्धत जुनी. कुठलाही काप असो, मोठी फांदी असो की करंगळीएवढा खुंट, आधी खालून करवत लावायची, मग वरून कापायचं, म्हणजे नखभरही साल ओरबाडली जात नाही. 'आधी खालून' हे त्याने प्रत्येकाच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलेलं. संस्थेचं पुस्तक वेगळं सांगायचं. वजनदार फांदी उतरवताना खालून कापा, पण उरलेला खुंट काढताना शेवटचा काप वरून, एका दमात घ्या. परीक्षेसाठी खारूताईने ती सवय मोडली. मोडताना नाकी नऊ आले होते. मामा तेव्हा कुरकुरत म्हणायचा की पुस्तकाला साल नसते, म्हणून त्याला कळत नाही.

तिने सकाळी शिडी कोणी नेली का म्हणून विचारलं. भांडाराला कडी असते, कुलूप नसतं, कोणीही येतं नि नेतं, मी काय डोळ्यात तेल घालून बसतो का, असं मामा म्हणाला. तिने शिडी पाहिली. पायांना ओली माती होती. शिडीच्या वर, छताजवळच्या खिळ्यावर काल टांगलेली दोराची मोठी गुंडाळी आज खाली फळीवर होती. ती कोणी काढली, हे विचारायचं तिच्या डोक्यात आलं आणि राहून गेलं.

"वहीत सही कर," मामाने चहाचा कप पुढे ठेवत सांगितलं. "करवत परत घ्यायचीय ना तुझी?"

परीक्षा संपल्यावर सगळ्या उमेदवारांच्या करवती चिठ्ठी लावून कपाटात बंद होत. काल करवत जमा करताना तिने याच टेबलावर सही केली होती, आणि हे टेबल असं डगडगत होतं की सहीचा पार विचका झाला होता. ती सही आजही वर दिसत होती. आज तिने त्याच्या खाली सही केली. सुंदर, सरळ, वळणदार.

तिने पेन ठेवलं. हाताने टेबल हलवून पाहिलं. टेबल जागचं हललं नाही.

मामा पाठमोरा होऊन कपाटातून करवत काढत होता. खारूताई खाली वाकली आणि टेबलाच्या चौथ्या पायाखाली काय आहे ते तिने पाहिलं.

४

ती एक लाकडी चकती होती. एका बाजूला दोन बोटं जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. कडेला सालीची सुरकुतलेली, फुगीर पट्टी. कॉलर.

खारूताईने चकती ओढणीत गुंडाळली, करवत उचलली आणि मामाकडे न बघता बाहेर पडली. चार नंबरच्या झाडापाशी येऊन तिने पट्टा बांधला, दोर टाकला आणि वर गेली. चकती जखमेवर ठेवली. ती चपखल बसली. वर्तुळांना वर्तुळं जुळली, सालीतली बारीक चीरसुद्धा एका रेषेत आली. तिचा कालचा काप चकतीच्या बाहेरच्या अंगावर जसाच्या तसा होता. तिच्या करवतीचा एक दात जरासा बाहेर वाकलेला आहे. त्याचे बारीक, समांतर ओरखडे तिच्या प्रत्येक कापावर उमटतात. ते तिथे होते, कॉलरच्या बाहेर, जिथे असायला हवेत तिथेच.

आनंदाने ओरडावं असं तिला वाटलं. मग तिने चकती उलटी केली.

आतल्या अंगावर ओरखडे नव्हते. म्हणजे करवत दुसरी, चांगली धार लावलेली. पण खालच्या कडेपासून बोटभर अंतरावर एक बारीक पायरी होती. कोणीतरी खालून बोटभर कापलं होतं, मग वरून कापत खाली आणलं होतं आणि दोन काप जिथे भेटले तिथे केसभर फरक राहिला होता. एवढ्याशा चकतीला काही वजन नसतं. ती काढायला खालून कापायची कोणाला गरज पडणार? चोरासारखं येऊन, घाईघाईत, मुद्दाम वाईट काप करणाऱ्याला तर नाहीच नाही.

आधी जरासा, मग थांबला. मग पुन्हा.

चौदा फुटांवर, दोराला लटकून, खारूताईने डोळे मिटले. ठेकेदारही मामाकडेच शिकलाय, असं तिने स्वतःला बजावलं. दोन वर्षं शिकलाय. तो असेल. तोच असेल.

खाली उतरून तिने साहेबांना चकती दाखवली, ओरखडे दाखवले. पायरीबद्दल मात्र तिने चकार शब्द काढला नाही. साहेबांनी भिंग लावून चकती पाहिली, दारावरच्या रखवालदाराची वहीही मागवली. काल संध्याकाळी सहाला खारूताई बाहेर पडल्याची आणि आज आठला आत आल्याची नोंद त्यात होती. साहेब नियमाचे पक्के होते, पण अप्रामाणिक नव्हते. तुमचा काप बरोबर होता, असं त्यांनी कबूल केलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"पण परीक्षेत घातपात झाला असेल आणि कोणी केला ते कळत नसेल, तर नियम एकच आहे. सगळ्यांची परीक्षा रद्द. पुढची दीड वर्षाने."

ठेकेदार ताडकन उठला. पदवीवाला म्हणाला की हा अन्याय आहे. दोघांनी खारूताईकडे असं पाहिलं की जणू तिनेच खापर त्यांच्या डोक्यावर फोडलं होतं. अकरा वाजून गेले होते. नाव सांगितलं तर कोणाचं, आणि नाही सांगितलं तर तिचं कार्डही गेलं, दोघांचंही गेलं आणि एक तारखेपासून ती पाल्याच्या ढिगापाशी.

"नाव मी सांगणार नाही," खारूताई म्हणाली. "ज्याने केलं त्याचा हातच सांगेल. मागच्या अंगणात चला. सगळे. मामालाही बोलवा."

५

मागच्या अंगणात शिकाऊ लोकांच्या सरावासाठी एक वाळलेलं खोड जमिनीत रोवलेलं होतं, त्याला दोन-तीन बोटं लांबीचे खुंट. खारूताईने एक कोरी करवत मधोमध ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं की प्रत्येकाने एक चकती कापायची. जमेल तितकी वाईट कापायची. जिथे कापू नये तिथे कापायची, अगदी खोडाला लागून. आजवर चांगला काप कसा हे सगळ्यांनी दाखवलं, आज वाईट दाखवा.

साहेबांना हा पोरखेळ वाटला, पण सगळ्यांआधी करवत त्यांनीच उचलली. खरं सांगायचं तर पुस्तक लिहिणाऱ्या त्या माणसाने कित्येक वर्षांत करवत धरली नसावी. वरून सुरुवात केली, मध्येच अडकले, घामाघूम झाले आणि शेवटी चकती पिळून तोडली. पदवीवाल्याने वरून, एका दमात, पुस्तकाबरहुकूम हात चालवला. जागा चुकीची, बाकी सगळं बरोबर.

मग ठेकेदार आला. खारूताई दोन पावलं पुढे सरकली. खालून, ती मनात म्हणत होती, खालून लाव, मेल्या, आयुष्यात एकदा तरी मामाची शिकवण आठव. ठेकेदाराने करवत वर ठेवली, दणादण ओढली आणि शेवटी सालीची लांब पट्टी ओरबाडत चकती खाली पडली. दोन वर्षांच्या शिकवणीतलं काहीही त्याच्या हातात उरलं नव्हतं.

खारूताई मामाकडे वळली. त्याला नको देऊ, असं तिला फार फार वाटलं. पण साहेब बघत होते, आणि मामाने आपणहून हात पुढे केला होता.

मामा पाय ओढत खोडापाशी गेला. करवत दोनदा हातात तोलली. आता हा वरून लावेल, तिने स्वतःशी म्हटलं, लाव रे वरून. मामाने खोडावर डावा हात टेकला, खुंट अंगठ्याने चाचपला, आणि करवत खुंटाच्या खाली नेऊन बोटभर कापलं.

मग तो थांबला. करवत तिथेच होती. त्याने वळून भाचीकडे पाहिलं.

"हात ऐकत नाही गं," तो म्हणाला.

खारूताईने ओढणीतली चकती काढून उलटी केली आणि साहेबांपुढे धरली. बोटभर अंतरावरची ती पायरी तिने नखाने दाखवली. ज्याने हे केलं त्याला वाईट काप करायचा होता, तिने सांगितलं, आणि चकतीला वजन नव्हतं, म्हणून खालून कापायचं कारण नव्हतं. पदवीवाल्याने आवाज ऐकला तो याच दोन कापांचा. डोक्याने चूक करायची ठरवली, पण चाळीस वर्षांच्या सवयीच्या हाताने साल जपली.

साहेबांचा विश्वास बसेना. हा माणूस चढू शकत नाही, असं ते म्हणाले.

"चढलो," मामा म्हणाला. "आधी भांडारातच शिडी लावून दोराची गुंडाळी काढून बघितली, जमतंय का. मग चार नंबरपाशी गेलो. चौदा पायऱ्यांना अर्धा तास लागला." कोणाला फसवायला नव्हे तर सवयीनेच त्याने चकती खिशात घातली होती, चांगलं लाकूड होतं, फेकवेना. आणि टेबल तर कधीपासून डगडगतच होतं.

"का पण?" खारूताईने विचारलं.

मामा खोडाला टेकला. कार्ड नव्हतं तोवर तुला बुटकी झाडं मिळत होती, असं तो म्हणाला. कार्ड मिळालं की उंच झाडं, साठ फूट, सत्तर फूट. मी पडलो ती फांदी खालून अगदी ठणठणीत दिसत होती. रोज सकाळी डोळे उघडले की मला तुझ्याखालची फांदी मोडताना दिसते.

खारूताईचे डोळे भरून आले, पण ती हलली नाही. राग होता, आणि तो तिने गिळला नाही.

"अकरा महिने तू अंथरुणात होतास. मी तुला चमच्याने भरवत होते. संध्याकाळी तुझ्याकडून निघाले की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा झाडावर जात होते. तेव्हा मला भीती वाटत नसेल, मामा? रोज वाटायची. आजही वाटते. ती माझी आहे, मी सांभाळते. तू तुझी भीती माझ्या झाडावर घेऊन गेलास आणि मला विचारलंसुद्धा नाहीस. त्या झाडाचं काय? त्याला आता कूज लागणार, ती तुझ्या हाताने."

भाचीचं बोलणं मामाने निमूट ऐकलं होतं. झाडाचं नाव निघालं तेव्हा मात्र त्याने तोंड झाकलं.

६

बाराला वीस मिनिटं कमी होती. साहेबांनी वही उघडली. घातपात कोणी केला ते कळलं, परीक्षा रद्द होणार नाही. भांडारपालाचं काय करायचं ते संस्था बसून ठरवेल, आणि ते सोपं असणार नाही. राहता राहिलं चार नंबर. त्यांनी पेन हातात घेऊन पुन्हा ठेवलं. निकाल झाडावरच्या जखमेवर द्यायचा, चकतीवर नाही, असं नियमात लिहिलं होतं आणि ते वाक्य त्यांचंच होतं. दुसरी फांदी कापून दाखवायची तयारी असेल तर आत्ता, इथे, सगळ्यांसमोर. राखीव फांदीला रात्रभर वाळवायची अट नव्हती. चार नंबरवर खूण केलेली राखीव फांदी एकच होती.

सगळ्यांनी वर पाहिलं. खूण पन्नास फुटांवर होती. राखीव म्हणून कोणीतरी हौसेने लावलेली, तिथवर कोणाला पाठवायचं कोणाच्या मनातही नव्हतं. ठेकेदारसुद्धा म्हणाला की हे जरा जास्तच होतंय, साहेब.

"मला तीच हवी," खारूताई म्हणाली.

तिने पट्टा बांधला, हेल्मेट घातलं, करवत कमरेला लावली. वर जाणाऱ्याचा दोर खाली कोणीतरी सांभाळावा लागतो. ढिला सोडायचा, आवळायचा, आणि वरचा घसरला तर अंगाचा सगळा भार टाकून धरायचा. पदवीवाला पुढे झाला. खारूताईने नाही म्हणून मान हलवली आणि दोराचं टोक मामापुढे धरलं.

साहेबांनी हरकत घेतली. ज्या माणसाने हे केलं त्याच्याच हातात दोर देताय?

"दोर त्याच्याइतका कोणालाच सांभाळता येत नाही. आणि त्याला बघू दे." ती मामाकडे वळली. "डोळे मिटायचे नाहीत. मी खाली येईपर्यंत वर बघायचं."

मामाने दोर घेतला, कंबरेभोवती फिरवला, अधू पाय दगडाला अडकवून उभा राहिला. मग तो खेकसला, अगदी पूर्वीसारखा, की डाव्या बाजूची ती जाड फांदी आधी ठोकून बघ, नुसती बघून पाय ठेवू नकोस.

ती चढली. डावीकडची फांदी करवतीच्या मुठीने ठोकली. आवाज पोकळ आला. तिने पाय मागे घेतला, दुसरीकडून वाट काढली. दोर एकदाही ढिला पडला नाही आणि एकदाही तिला ओढ बसली नाही. पन्नास फुटांवर तिने खूण केलेल्या फांदीची कॉलर चाचपली. खालून कापलं, मग वरून, फांदी उतरवली. उरला खुंट. शेवटचा काप. पुस्तक म्हणत होतं वरून, एका दमात, आणि खाली साहेब दुर्बीण लावून उभे होते.

खारूताईने करवत खुंटाखाली नेली, बोटभर कापलं, मग वरून कापत आणलं. खुंट खाली गेला. कॉलर पूर्ण गोल, शाबूत होती आणि साल नखभरही ओरबाडली नव्हती.

खाली परीक्षकसाहेबांनी बराच वेळ दुर्बीण काढली नाही. शेवटचा काप पुस्तकाप्रमाणे झाला नाही, असं ते शेवटी म्हणाले.

"नाही झाला," खारूताई वरून ओरडली. "जखम बघा आणि निकाल द्या."

बाराला तीन मिनिटं असताना त्यांनी वहीत लिहिलं. काय लिहिलं ते वरून दिसत नव्हतं. पण ठेकेदाराने चहाचा कप गाडीच्या टपावर ठेवून दोन्ही हात वर केले, तेव्हा आपण पास झालो हे तिला समजलं. तिने खाली मामाकडे पाहिलं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. मान वर होती. डोळे उघडे होते.

"दोर ढिला सोड आता," ती म्हणाली. "येतेय मी खाली."